बागायतदारांनीं समाजमाध्यमांवर जाहिरात किती वेळां द्यावी ?

कोंकणांतील पुष्कळ लहान बागायतदार आपला हापूस आंबा दलालाकडे न धाडतां मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांस परभारें विकूं लागले आहेत. पूर्वीं ज्या कामास ओळखीपाळखी व पत्रव्यवहार लागे, तें काम आतां व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम या समाजमाध्यमांच्या द्वारें घरबसल्या होतें. या जाहिरातीस वेगळा पैसा पडत नाहीं, म्हणून ती किती वेळां द्यावी यास धरबंध राहत नाहीं. कोणी रोज दहा छायाचित्रें पाठवितो, तर कोणी मोसमांत एकदां वर्दी देऊन स्वस्थ बसतो. या दोन्ही रीती नुकसानीच्या आहेत. त्या कशा, व त्यांवर उपाय काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हापूस हा साठवून ठेवण्याचा जिन्नस नव्हे. चौदा आणे तयार झालेलें फळ झेल्यानें देंठासह उतरविलें, कीं गवताच्या अढींत तें साधारणपणें आठ ते बारा दिवसांत पिकतें. तेवढ्या अवधींत त्यास गिऱ्हाईक मिळालें नाहीं, तर वर्षाची मेहनत मातीमोल होते. यास्तव बागायतदाराचे सर्व संदेश सारख्या किंमतीचे नसतात. ‘फळ उतरविलें आहे, अमुक दिवशीं पेटी घरपोंच होईल,’ ही वर्दीच त्याचा संसार चालविते. ती वर्दी गिऱ्हाईक उघडून पाहील कीं नाहीं, हें आधींच्या संदेशांचा त्यास काय अनुभव आला यावर अवलंबून असतें. रोज सकाळीं फुलांचीं चित्रें व सुविचार पाठविणाराचा संदेश लोक न वाचतांच पुढें जातात. उलट, नऊ महिने मौन धरून एप्रिलांत एकाएकीं भाव कळविणारा कोण, हेंच त्यांस आठवत नाहीं.

सर्व माध्यमांस एकच माप लावूं नये. व्हॉट्सॲपवर यादी करून पाठविलेला संदेश, ज्यांनीं आपला क्रमांक स्वतःच्या फोनांत नोंदविला आहे, त्यांसच पोंचतो. हें दार ठोठावण्यासारखें आहे. त्रासलेलें गिऱ्हाईक एका क्षणांत आपला क्रमांक बंद करूं शकतें, आणि मग खऱ्या फळाची वर्दीहि त्याच्यापर्यंत जात नाहीं. स्टेटस २४ तासांनीं आपोआप नाहींसें होतें व ज्यास इच्छा असेल तोच तें पाहतो. तें ओसरीवर लावलेल्या पाटीसारखें असल्यामुळें मोसमांत रोज बदललें तरी कोणास उपद्रव नाहीं. इन्स्टाग्रामनें मजकूर केवळ कालक्रमानें दाखविण्याची रीत २०१६ सालीं बदलली. फेसबुकनेंहि जानेवारी २०१८ मध्यें, धंदेवाल्यांच्या मजकुरापेक्षां आप्तेष्टांच्या मजकुरास अग्रमान देण्याचें जाहीर केलें. म्हणून तेथें दहा वेळां लिहिलें म्हणजे दहापट लोकांनीं वाचलें, असा हिशेब धरतां येत नाहीं.

आमच्या मतें जाहिरातीचें वेळापत्रक बागेच्या कामावरून बसवावें. डिसेंबर ते फेब्रुवारी या मोहोराच्या दिवसांत फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर पंधरवड्यास एक छायाचित्र पुरे. यादीवरील गिऱ्हाइकांस मात्र या काळांत एकदांच, फळ धरल्यावर, पीक कसें दिसतें तें कळवावें. मार्चांत भाव, पेटींतील फळांची संख्या व नोंदणीची मुदत यांचा एक स्पष्ट संदेश द्यावा. एप्रिल-मे महिन्यांत ठराविक वारीं, आठवड्यास एक याप्रमाणें संदेश पाठवावा आणि तोडणीच्या दिवशीं स्टेटस ठेवावें. पावसाळा लागल्यावर आभाराचें एक पत्र द्यावें. त्यानंतर घरचीं आमसुलें, काजू किंवा फणसपोळी विक्रीस असेल तेव्हांच लिहावें. अवकाळी पावसानें फळ डागळलें अथवा पाठवणीस उशीर झाला, तर मात्र नेमाची वाट न पाहतां नोंदणी केलेल्या प्रत्येकास त्याच दिवशीं कळवावें. वाईट बातमी वेळेवर सांगणाराचा शब्द पुढें खरा मानला जातो.

आतां मालाचा हिशेब पाहूं. समजा, एखाद्या बागेंतून आठवड्यास २० पेट्या निघतात व यादीवर २०० गिऱ्हाइकें आहेत. सर्वांस एकदम वर्दी दिली आणि ५० जणांनीं मागणी केली, तर ३० जण विन्मुख जातात. तीं माणसें पुढील वर्षीं दुसरीकडे वळतात. त्यांस राखण्यासाठीं बाहेरचा आंबा आपला म्हणून पाठविण्याचा, किंवा अढी लवकर पिकविण्यासाठीं कॅल्शियम कार्बाइड वापरण्याचा मोह होतो. यांपैकीं पहिलें कृत्य फसवणुकीचें आहे, व दुसऱ्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनीं मनाई आहे. त्यापेक्षां यादीचे चार भाग करून दर आठवड्यास एका भागास विचारावें. पन्नासांतून वीस पेट्यांस गिऱ्हाईक मिळालें, तर कोणी विन्मुख जात नाहीं, आणि प्रत्येकास विक्रीचा संदेश महिन्यांतून एकदांच पोंचतो.

उत्तर देण्याची शक्ति हेंहि एक माप आहे. तोडणीच्या धांदलींत आलेल्या चौकशा दोन-दोन दिवस पडून राहत असतील, तर नवी जाहिरात देऊं नये. घरांतील एका माणसाकडे हें काम सोंपवून सायंकाळची एक वेळ ठरवावी.

शेवटीं, एक वही ठेवावी. तींत संदेशाची तारीख, मजकूर, आलेलीं उत्तरें, विकलेल्या पेट्या व ‘आम्हांस पाठवूं नका’ असें सांगणारांची संख्या लिहावी. असें सांगणाराचें नांव त्याच दिवशीं यादींतून काढावें. संदेश वाढवूनहि पेट्या वाढल्या नाहींत व नांवें मात्र गळूं लागलीं, तर हात आंखडावा. फळ अढींत पडून राहिलें आणि जुनीं गिऱ्हाइकें ‘आम्हांस कळलेंच नाहीं’ म्हणूं लागलीं, तर एखादी वर्दी वाढवावी. प्रत्येक बागेचें पीक व गिऱ्हाईक निराळें असल्यामुळें वर दिलेले आंकडे आरंभापुरतेच समजावे. दोन मोसमांच्या नोंदी हातीं आल्या, म्हणजे बागायतदारास आपल्या बागेचा नेम स्वतःच बसवितां येईल.