सिगारेट कार्डांवरच्या नट्या: घ्यायच्या तर किती खर्च?

मारी स्टडहोम, एडना मे. लंडनच्या रंगभूमीवरच्या या लाडक्या नट्यांचे फोटो विसाव्या शतकाच्या तोंडावर सिगारेटच्या पाकिटातून फुकट मिळत. लिव्हरपूलच्या ऑग्डेन्स कंपनीच्या ‘गिनी गोल्ड’ मालिकेतलं (सुमारे १८९४ ते १९०७) साधं कार्ड आज साधारण एक ते तीन पौंडांना मिळतं. नाव मोठं म्हणून भाव मोठा, असं इथे सहसा नसतं. लोकप्रिय नट्यांची कार्डं ढिगाने निघाली, म्हणून तीच स्वस्त पडतात. भाव ठरतो तो दुर्मीळपणावर आणि कार्डाच्या अवस्थेवर. कोपरा दुमडलेला असला, मागे अल्बमचा डिंक असला, तर अर्धी किंमतही देऊ नका.

खरा खर्च येतो तो ब्रिटनहून इथवरच्या प्रवासाचा. पौंड ११० रुपयांचा धरू. दोन पौंडांचं एक कार्ड आणि बारा पौंड टपालखर्च, म्हणजे १,५४० रुपये झाले. तेवढ्याच टपालात ५० कार्डांचा लॉट ६० पौंडांना आला, तर एकूण ७,९२० रुपये, म्हणजे कार्डामागे १५८. सुटं कार्ड मागवणं मला उधळपट्टी वाटते. यावर कस्टम ड्युटी, कुरिअरचं हाताळणी शुल्क आणि क्रेडिट कार्डाचा परकीय चलनाचा आकार वेगळा. ड्युटीचे दर बदलत राहतात, तेव्हा ऑर्डर देण्याआधीच चौकशी करा.

‘लंडन सिगारेट कार्ड कंपनी’च्या कॅटलॉगवरून भावाचा अंदाज येतो. मात्र तो व्यापाऱ्याचा विक्रीचा आणि उत्तम प्रतीच्या मालाचा भाव. तुम्ही विकायला गेलात तर निम्मेही हाती येतील याची खात्री नाही, म्हणून गुंतवणूक समजून घेऊच नका. आवडतात म्हणून घ्या.

नकलांपासून जपा. ‘गिनी गोल्ड’ची कार्डं छापील नव्हेत, खरे फोटो आहेत. दहापट भिंगाखाली चित्रात छपाईचे बारीक ठिपके दिसले, तर तो पुनर्मुद्रित माल. विक्रेत्याकडून पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो आणि माल परत घेण्याची लेखी हमी मागा.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातही विचारून पाहा. विल्स कंपनीच्या ‘सिझर्स’ सिगारेटी इथल्या गोऱ्या फौजेत खपत आणि त्यांतही नट्यांची कार्डं येत. तशी सापडली तर टपाल आणि ड्युटी दोन्ही वाचतात.

साठवणीसाठी पीव्हीसीचे खिसे नकोत, पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. १९३० च्या दशकातल्या बऱ्याच कार्डांच्या पाठीला अल्बममध्ये चिकटवण्यासाठी डिंक लावलेला असतो. कोकणच्या पावसाळ्यात ती एकावर एक ठेवली, तर आख्खा गठ्ठा चिकटून बसतो. तेव्हा प्रत्येक कार्डाला स्वतंत्र खिसा हवाच, आणि तो खर्च पहिल्याच हिशेबात धरा.