चेक लिहिताना कोणता पेन वापराल?

मागच्या हिवाळ्यात मुलीच्या वर्गाच्या फीचा १५० डॉलरचा चेक मी रस्त्यावरच्या निळ्या टपालपेटीत टाकला. दहा-बारा दिवसांनी खात्यातून ४,८५० डॉलर गेलेले दिसले. बँकेच्या संकेतस्थळावर चेकची प्रतिमा उघडली. खालची सही माझीच होती, अगदी शेवटच्या फराट्यासकट. पण रक्कम आणि नाव भलत्याच अक्षरात लिहिलेले होते. पैसे परत मिळेपर्यंत सात आठवडे गेले. रसायनशास्त्रात पीएचडी करूनही तो चेक मी एका परिषदेत फुकट मिळालेल्या निळ्या बॉलपेनने लिहिला होता, याची लाज अजून वाटते.

या प्रकाराला इथे 'चेक वॉशिंग' म्हणतात, म्हणजे चेक धुणे. टपालातून चेक चोरायचा, रसायनांनी शाई उडवायची आणि कोऱ्या झालेल्या जागी हवे ते लिहायचे. अमेरिकी अर्थखात्याच्या 'फिनसेन' या विभागाने फेब्रुवारी २०२३ मध्ये टपालचोरी आणि चेकच्या फसवणुकीबद्दल खास इशारा दिला. संशयास्पद चेकव्यवहारांबद्दल बँकांनी पाठवलेले अहवाल २०२१ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक होते. २०२२ मध्ये ते ६ लाख ८० हजारांच्या वर गेले.

मग बॉलपेनची शाई इतकी सहज का निघते?

विरघळणारा रंग आणि न विरघळणारा रंग

शाईला रंग देणारे पदार्थ ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार रंजकांचा. यात रंगाचा एकेक रेणू द्रावकात सुटा विरघळलेला असतो, जसा साखरेचा रेणू चहात. साध्या बॉलपेनमध्ये बहुधा असेच रंजक बेंझिल अल्कोहोल, फिनॉक्सिइथेनॉल अशा दाट द्रावकांत विरघळवलेले असतात. कागदावर शाई वाळली, तरी रेणूचा स्वभाव बदलत नाही. अ‍ॅसिटोनसारखे ओळखीचे द्रावक भेटले की तो पुन्हा विरघळतो आणि कागद सोडतो.

पाण्यात विरघळणाऱ्या रंजकांचा शत्रू वेगळा: ब्लीच. रंजकाच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते आणि ती प्रकाशाचा ठरावीक भाग शोषते, म्हणून आपल्याला रंग दिसतो. ब्लीचमधले हायपोक्लोराइट ही साखळी तोडते. रेणूचे तुकडे कागदावर राहिले, तरी रंग उरत नाही. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, तेव्हाही कारण वेगळे असले तरी रंग देणारा रेणूच मोडत असतो.

दुसरा प्रकार रंगद्रव्यांचा, म्हणजे पिगमेंटचा. इथे रंग घन कणांच्या रूपात असतो. कण अतिशय बारीक असले, तरी एकेका कणात असंख्य रेणू घट्ट बसलेले असतात. हे कण शाईत विरघळत नाहीत, फक्त तरंगतात. ब्लीच वरच्या थरापर्यंत पोचले, तरी आतले रेणू सुरक्षित राहतात. कार्बनची काजळी तर या बाबतीत फारच चिवट. तिच्यातल्या कार्बनच्या जाळ्यांना अ‍ॅसिटोन विरघळवू शकत नाही आणि घरगुती ब्लीच त्यांचा रंग उडवू शकत नाही.

आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांसाठीही काजळी आणि डिंकाची शाई वापरत. पण तिच्यात एक उणीव होती. काजळी विरघळत नसली, तरी तिला धरून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे वर बसलेली अक्षरे ओल्या फडक्याने पुसता येतात. म्हणजे नुसते रंगद्रव्य पुरेसे नाही. ते कागदाच्या सेल्युलोज तंतूंमध्ये शिरून अडकले पाहिजे. पातळ शाईतले बारीक कण हेच करतात. चोराने ते खरवडायचे ठरवले, तर कागदच फाटतो.

दुकानात काय पाहायचे?

जेल पेन जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणला. आज अनेक जेल पेनांत रंगद्रव्ये असतात, पण सगळ्यांत नाही. त्यामुळे 'जेल' या शब्दावर भरवसा ठेवू नका. वेष्टनावर 'पिगमेंट इंक' लिहिलेले आहे का ते पाहा. युनि-बॉल २०७ हा सहज मिळणारा पेन नेमका याच कामासाठी विकला जातो. फाउंटन पेनवाल्यांसाठी प्लॅटिनमची कार्बन इंक आहे. फक्त पेन वापराविना पडू देऊ नका, आत शाई वाळून बसते. आयएसओ १२७५७-२ (बॉलपेन) आणि २७६६८-२ (जेल) ही कागदपत्रांसाठीच्या शाईची मानके आहेत. तो क्रमांक दिसला तर चांगलेच.

काळा रंग म्हणजे कार्बन असेही समजू नका. काळी शाई रंजकांचीही असते. लोह आणि टॅनिन यांची जुन्या पद्धतीची शाई पाण्याला दाद देत नाही, पण ब्लीचपुढे टिकत नाही. आणि खोडता येणारा फ्रिक्सियनसारखा पेन चेकपासून दूरच ठेवा. त्याची शाई साधारण ६० अंश सेल्सियसला अदृश्य होते. त्यासाठी रसायन लागत नाही, घासल्याची उष्णता पुरते. याच कारणाने दुसऱ्याने पुढे केलेल्या पेनने चेक लिहू नये.

घरात असलेल्या पेनांची परीक्षा घ्यायची असेल, तर एका कागदावर प्रत्येकाने एकेक ओळ लिहा, दिवसभर वाळू द्या आणि कापसाने थोडे अ‍ॅसिटोनचे नेलपॉलिश रिमूव्हर लावा. कोणती ओळ पसरते ते लगेच कळेल. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको, आणि रिमूव्हर व ब्लीच कधीही एकत्र करू नका. विषारी पदार्थ तयार होतात.

पेन काय करू शकत नाही

चांगली शाई फक्त धुण्यापासून वाचवते. चेकवरचा खाते क्रमांक वाचून कोणी नवाच खोटा चेक छापला, तर तिथे शाईचा उपयोग नाही. म्हणून चेक टपाल कार्यालयाच्या आत नेऊन द्या, शक्य असेल तिथे ऑनलाइन पैसे भरा आणि वटलेल्या चेकची प्रतिमा उघडून पाहा. नुसती रक्कम पाहून भागत नाही, नावही बदललेले असू शकते. गडबड दिसली तर त्याच दिवशी बँकेला कळवा. उशीर झाला तर कायद्याने तुमची बाजू कमकुवत होते.

भारतातल्या एनआरओ किंवा एनआरई खात्याचे चेक वापरत असाल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथे चेक प्रतिमेवरून वटतात, म्हणून गडद शाई हवी आणि तारखेखेरीज कुठेही खाडाखोड चालत नाही. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी 'पॉझिटिव्ह पे'ची सोय आहे. चेकचे तपशील बँकेला आधीच कळवा, म्हणजे मूळ आकडा आणि नाव बँकेकडे राहते.

माझ्या चेकबुकात आता एक पेन खोचलेला असतो. त्याची किंमत दोन-तीन डॉलर. ४,८५० डॉलरच्या धड्यानंतर तो महाग वाटत नाही.