एकाचे दोन होताना

देवणी हे नाव दूरवर पोहोचले ते येथील गोवंशामुळे. या वंशात वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार मानले जातात. वानेऱ्याच्या तोंडावर काळा रंग, बालंक्या पांढराशुभ्र, तर शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके. प्रत्येक वासराला निम्मा वारसा गाईकडून व निम्मा वळूकडून मिळतो. म्हणूनच एकाच गाईची दोन वासरे कधी तंतोतंत सारखी नसतात.

त्याच गाईचे दूध रात्री विरजले म्हणजे मात्र भांड्यात निराळ्याच तऱ्हेची वंशवृद्धी सुरू होते. विरजणातील जिवाणूंना जोडीदार लागत नाही. प्रत्येक जिवाणू आपल्या आनुवंशिक द्रव्याची प्रत तयार करतो, लांबट होतो, मध्यभागी भिंत उभी राहते आणि एकाचे दोन होतात. असे विभाजन दर अर्ध्या तासाने होते असे धरून चालू. रात्री 10 वाजता जो एक होता, त्याचे सकाळी 6 पर्यंत 65,536 झालेले असतील. ही वाढ अखंड का चालत नाही, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतोच. जिवाणूंनी स्वतःच तयार केलेले लॅक्टिक आम्ल दूध घट्ट करते, आणि तेच आम्ल वाढले की त्यांची वाढ मंदावते.

अमीबाचे द्विविभाजन पाठ्यपुस्तकातील चित्रामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. आधी केंद्रक दुभंगते, मग पेशीद्रव्य. यातील आई कोणती व लेक कोणती, हे सांगता येत नाही, कारण आई मागे उरतच नाही. किण्वाच्या पेशीला बारीक कलिका फुटते व ती वाढून वेगळी होते. येथे लहान-मोठे ओळखता तरी येते. हायड्राच्या अंगावरही अशीच कलिका उगवते. ओलसर जागी राहिलेल्या भाकरीवर जी बुरशी धरते, ती बीजाणूंच्या द्वारे पसरते. हे बीजाणू इतके हलके असतात की वाऱ्याची झुळूक त्यांना पुरते.

तळ्यातील हिरवे, बुळबुळीत शेवाळ, म्हणजे स्पायरोगायरा, आम्हांस या सर्वांत अधिक बोलके वाटते. पाणी भरपूर असते तोवर त्याचा धागा तुटतो आणि प्रत्येक तुकडा नवा धागा बनतो. सारे तुकडे एकाच वाणाचे असतात. अनुकूल काळात हे सोयीचे असते. पण जे संकट एकाला मारते ते सर्वांनाच मारू शकते. तळे आटू लागले की हेच शेवाळ आपली रीत बदलते. दोन धागे शेजारी येतात, त्यांच्या पेशींमध्ये नळीसारखा पूल तयार होतो आणि एका पेशीतील द्रव्य दुसरीत जाऊन मिसळते. त्यातून जाड कवचाचा बीजाणू बनतो व तो चिखलात पडून राहतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तसल्या कोरड्या दिवसांतही तग धरणे त्याला जमते आणि पावसानंतर तो रुजतो.

या दोन्ही रीती आलटून पालटून वापरणारा आणखी एक जीव आपल्या घरांपर्यंत येतो, तो हिवतापाचा परजीवी. त्याचे नर-मादी मीलन डासाच्या पोटात होते. माणसाच्या शरीरात तो केवळ विभाजनाने वाढतो. डासाच्या जठराच्या भिंतीवर या परजीवीच्या गाठी रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे पाहिल्या. आपला हा भाग त्या काळी ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथेच हे घडले, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. या संशोधनाबद्दल रॉस यांना 1902 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डास चावल्यावर परजीवी प्रथम यकृतात शिरतो आणि तेथे बहुविभाजनाने एकाचे हजारो होतात. नंतर ते तांबड्या रक्तपेशींत घुसतात. व्हायवॅक्स जातीच्या परजीवीस येथे वाढून फुटण्यास सुमारे 48 तास लागतात. असंख्य पेशी एकाच सुमारास फुटतात, म्हणून थंडी वाजून येणारा ताप एक दिवसाआड येतो. आजीला हे चक्र अनुभवाने ठाऊक असते; त्याचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

पालकांनी पुढील गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. रक्तातील परजीवी औषधाने मेले की ताप उतरतो आणि अनेक घरांत उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. परंतु व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात विभाजन थांबवून निद्रिस्त पडलेले असतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन हे वेगळे औषध असते. रुग्णाचे वय व प्रकृती पाहून डॉक्टर ते बहुधा 14 दिवस देतात. हा क्रम अर्धवट सुटला, तर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, नवा डास न चावताही, त्या निद्रिस्तांपैकी एखादा जागा होतो आणि पुन्हा एकाचे हजारो होऊ लागतात.