आईची ओढाताण आणि पिलांचा मेंदू

बाळ किरकिरे झाले की घरात पहिला ठपका आईवर येतो, 'हिला सांभाळताच येत नाही!' दवाखान्यात हे वाक्य मी वरचेवर ऐकतो. अशा वेळी मला कॅलिफोर्नियातील डॉ. टॅली बराम यांचे पांढरे उंदीर आठवतात.

उंदराची मादी मऊ घरटे करून पिलांना पाजते, चाटते. बराम यांच्या प्रयोगात पिले दोन दिवसांची झाल्यापासून नऊ दिवसांची होईपर्यंत पिंजऱ्याच्या तळाशी जाळी ठेवली आणि घरट्याचे सामान अगदी थोडे दिले. खाणेपिणे मात्र भरपूर. आईने पिले टाकली नाहीत. त्यांच्याजवळ वेळही साधारण तेवढाच घालवला. पण सारखी उठबस! चाटता चाटता मध्येच निघून जाई, पुन्हा येई. पिलांना कशाचाच नेम राहिला नाही. त्यांचे वजन कमी भरले, रक्तात ताणाचे संप्रेरक वाढले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तर विलक्षण आहे. असे उंदीर तरुणपणी ठीक होते, पण मध्यमवयात त्यांची स्मरणशक्ती ढासळली. (उंदराचे मध्यमवय बारा महिन्यांतच येते.)

हे आनुवंशिक असेल, असे कोणी म्हणेल. मॉन्ट्रियलच्या मायकेल मीनी यांच्या गटाने 1999 मध्ये कमी चाटणाऱ्या माद्यांची पिले जास्त चाटणाऱ्या माद्यांकडे दिली. ती कमी भित्री निघाली, आणि त्यांतल्या माद्या पुढे आपल्या पिलांनाही जास्त चाटू लागल्या.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे. तरीही किरकिरे बाळ तपासताना मी सासूबाईंसमोरच विचारतो, बाळंतिणीला सलग झोप किती मिळते आणि धुणीभांडी कोण करते?