लॉकवरचा मदतनीस

ब्रिटनमधल्या लँगोलेन कालव्यावर नॅरोबोट घेऊन निघणार असाल तर निघण्याआधी एक गोष्ट घरच्यांत पक्की ठरवा: लॉकमध्ये पॅडलला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या झडपेला, हात कोणी लावायचा आणि कोणाच्या सांगण्यावरून लावायचा. बाकीचं, म्हणजे टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, रिव्हर्समध्ये सुकाणू ऐकत नाही वगैरे, पहिल्या दुपारीच अंगवळणी पडतं. आमच्याही पडलं होतं. तरी डिपॉझिट गेलं, आणि ते एका परोपकारी गृहस्थापायी गेलं.

परतल्यावर जो तो विचारतो तो पाँटकसिल्तेच्या जलसेतूबद्दल. साहजिक आहे, फोटो त्याचेच असतात. टेलफर्ड आणि जेसप यांनी बांधलेला, 1805 साली खुला झालेला, डी नदीच्या वर 38 मीटरवरून जाणारा लोखंडी पन्हळ. एका अंगाला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. पोटात गोळा येतो, पण बोट चालवणाऱ्याला तिथे फारसं काम नसतं. मुलांना आत बसवा, झालं. त्याच्या पुढे, ट्रेव्हरहून लँगोलेनकडे जाताना, कालवा काही ठिकाणी एकाच बोटीपुरता उरतो. तिथे एकाला फोन देऊन पायवाटेने पुढे पाठवायचं आणि त्याने "या" म्हटल्याशिवाय बोट आत घालायची नाही. समोरून कोणी आलं तर वाड्याच्या बोळात एसटी उलटी काढण्याचा प्रसंग येतो.

खरी परीक्षा लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणाऱ्या कप्प्यात. या कालव्यावर 21 लॉक आहेत. सुमारे सात फूट रुंदीच्या त्या खोलीत सहा फूट दहा इंचांची, पंधरा-वीस टनांची पोलादी बोट घालायची. ग्रिंडली ब्रुकला तीन लॉक एकाला एक जोडून आहेत, तिथे मोसमात लॉककीपर असतो. तो सांगेल तसं निमूटपणे करा. त्याच्या खालच्या लॉकवर मात्र आपले आपण.

आम्ही खाली, रेनबरीच्या दिशेने चाललो होतो. मारबरीच्या लॉकमध्ये मी बोट आत घेतली, थांबवायला रिव्हर्स दिला, बायकोने मागचा दरवाजा ढकलून बंद केला. रिव्हर्समुळे बोट जराशी मागे सरकत होती. खाली उतरताना वरच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली एक दगडी उंबरा असतो, सिल म्हणतात त्याला. तो कुठवर आला आहे ते काठावर पांढऱ्या रेघेने दाखवलेलं असतं. बोटीचं शेपूट त्या रेघेच्या पुढेच हवं. मी बोट पुढे घेणार होतो आणि तसं ओरडून सांगितलंही होतं: थांबा, अजून पॅडल नको.

खालच्या बाजूला एकजण आपली बोट घेऊन वर यायच्या प्रतीक्षेत होता. स्वतःची बोट, स्वतःचं विंडलास (पॅडल फिरवायचं हँडल), आणि "मी इथलाच" असा चेहरा. कोणी बोलावलं नसताना आला आणि एका बाजूचं पॅडल पूर्ण वर करून टाकलं. मग दरवाजावरून पलीकडे गेला, माझ्या साडूंना जवळजवळ बाजूला सारलं आणि दुसरंही उचललं. बायको म्हणत होती, "वेट, प्लीज वेट." त्यावर हा गृहस्थ हसून म्हणाला, "भरपूर जागा आहे."

मला कळलं ते भिंतीवरून. बोटीच्या नाकाशी ओली भिंत भराभर वर चढत होती आणि माझ्या शेजारची जागची हलत नव्हती. पांढरी रेघ माझ्या पाठीमागे असायला हवी, ती माझ्या कमरेशी होती. आत ओट्यावरची भांडी पुढे घसरल्याचा आवाज आला. शेपूट उंबऱ्यावर अडकलं होतं. अशा वेळी नाकाकडून पाणी आत शिरतं आणि बोट मिनिटांत बुडते. इथल्या कालव्यांवर बुडालेल्या आहेत. आत माझी भाची झोपलेली होती.

बायको ओरडली, "भावोजी, खालची बंद करा आधी!" हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, बोट ताब्यात घेताना दिलेल्या पुस्तिकेत तिने वाचलं होतं. साडूंनी एक पॅडल उतरवलं, दुसरं तिने उतरवलं, मग धावत वर जाऊन वरचं थोडंसं उघडलं. पाणी चढलं, बोट सुटली. सुटताना खालून एक खाडकन आवाज आला आणि टिलर जड झाला. सुकाणू आपल्या खोबणीतून निसटलं होतं.

आणि हा माणूस? "रिलॅक्स, मेट." मग मला समजावायला लागला की उतरताना रेघेच्या पुढे राहायचं असतं!

बोटीवर भाड्याच्या कंपनीचा नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो. मी फोन करायच्या आत त्यानेच केला होता. मेकॅनिक आला तोच मुळी "रेघेमागे होतात असं कळलं" म्हणत. पॅडल कोणी उघडलं हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. आम्ही भाडेकरू, त्यातून परके. तो कालव्यावरचा जुना माणूस. त्याचं खरं धरलं गेलं.

तर आता ऐका. टिलरवर असणाऱ्याने हात वर केल्याशिवाय पॅडल उघडायचं नाही, आणि खालच्या दोन्ही पॅडलशी आपलं माणूस उभं करायचं, विंडलास हातात घेऊन. कोणी मदतीला आलं तर "आधी आमच्या कॅप्टनला विचारा" एवढंच म्हणा, हसून म्हणा. पॅडल एकदम पूर्ण उचलू नये, अर्धं, मग बोट शांत आहे ना ते बघून पुढचं. विंडलास दांड्यावर अडकवून सोडू नका. खिट्टी निसटली तर ते गरगरत तोंडावर येतं. उतरताना दोरी खुंटाला गाठ मारून बांधू नका, एक वेढा देऊन हातात धरा. बाजूचे फेंडर वर घ्या, नाहीतर बोट भिंतीत अडकते. लॉकमध्ये आत कोणी झोपलेलं नको.

वर चढताना आणखी एक. या कालव्याचं पाणी हर्ल्स्टनच्या जलाशयाकडे वाहतं राहतं, त्यामुळे लॉकच्या खाली बगलेतून जोराचा लोट येतो आणि नेमकं आत शिरताना नाक बाजूला फेकतो. फार हळू गेलात तर हमखास आपटाल.

फोनवर व्हिडिओ चालू ठेवा. भाच्याने फक्त बदकांचा काढला होता. आणि कोणी आगंतुकाने पॅडलला हात लावला तर त्याच्या बोटीचं नाव आणि नंबर तिथेच लिहून घ्या, कंपनीला फोन आधी तुम्ही करा. आमचे पैसे अजून आलेले नाहीत.