औषध कोणत्या तासाला दिलं?

अकोला

चि. छोटी हिस,


एम. फार्म.च्या प्रबंधासाठी तू तीव्र स्वादुपिंडदाहाचा विषय घेतलास याचं मला मनापासून समाधान वाटलं. या आजाराला मुळापासून रोखेल असं सर्वमान्य औषध अजून कुठेच नाही. सलाईन, वेदनाशामक, वेळेवर सुरू केलेलं अन्न, प्राणवायू आणि गरज पडली तर डायलिसिस एवढ्या आधारावर रोगी तग धरतो, म्हणून या विषयात कामाला भरपूर जागा आहे. तू पाठवलेला आराखडा वाचला. सात दिवस उंदरांना वनस्पतीचा अर्क तोंडावाटे द्यायचा, आठव्या दिवशी एल-आर्जिनिन टोचून आजार निर्माण करायचा, मग रक्तातलं अमायलेज-लायपेज मोजायचं. अशी मांडणी सर्रास होते, आणि तिच्यातून निकालही बहुधा छान येतात. माझा आक्षेप याच मांडणीला आहे. औषध आजाराच्या आधी देऊ नकोस, आजार उभा राहिल्यानंतर दे. बाकीचं सगळं या एका दुरुस्तीमागून येईल.

ज्याच्यासाठी हे औषध शोधायचं आहे तो माणूस दवाखान्यात कसा पोचतो ते डोळ्यांसमोर आण. धारणीकडच्या एखाद्याला रात्री पोटात कळ येते आणि ती पाठीपर्यंत जाते. पित्त झालं असेल म्हणून घरातली गोळी घेतली जाते. सकाळी गावातल्या डॉक्टरकडे इंजेक्शन आणि एक सलाईन, दुपारनंतर ग्रामीण रुग्णालय, आणि लघवी कमी झाली, धाप लागली की हरिसाल, सेमाडोह, परतवाडा करत गाडी अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात येते. तेल्हारा किंवा पातूरहून अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात येणाऱ्याचं अंतर कमी असलं तरी घरी काढलेले तास तेवढेच असतात. तोवर पित्ताशयातून सरकलेल्या खड्याने किंवा दारूने आपलं काम केलेलं असतं. पाचकरस ग्रंथीतच जागे झालेले असतात आणि दाह रक्तावाटे फुप्फुस-मूत्रपिंडापर्यंत गेलेला असतो. अवयव 48 तासांहून अधिक काळ निकामी राहिले तर आजाराला गंभीर म्हणायचं, असं 2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणाने ठरवलं आहे. दुखणं सुरू व्हायच्या सात दिवस आधीपासून अर्क घेत असलेला रोगी यात कुठे बसतो? बोंडअळी बोंडात शिरण्याआधीची फवारणी आणि शिरल्यानंतरची फवारणी यांतला फरक आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही, तोच फरक इथे आहे.

हा मुद्दा मी केवळ तर्काने मांडत नाही. नेदरलँड्समधल्या 15 रुग्णालयांत 2004 ते 2007 या काळात ‘प्रोपाट्रिया’ नावाची चाचणी झाली. आतड्यातले जंतू रक्तात उतरून मेलेल्या स्वादुपिंडात संसर्ग करतात, तेव्हा उपयुक्त जीवाणू दिले तर तो टळेल, अशी कल्पना होती. उंदरांवर तिला चांगला आधार मिळाला होता. पण त्या उंदरांच्या प्रयोगात जीवाणू देणं आजार निर्माण करण्याच्या पाच दिवस आधी सुरू झालं होतं, आणि माणसांना ते दिले गेले दुखणं सुरू झाल्यावर 72 तासांच्या आत, म्हणजे आजार भरात असताना. 296 रुग्णांचे निकाल 2008 साली लॅन्सेटमध्ये आले. संसर्ग मुळीच कमी झाला नव्हता, दोन्ही गटांत तो तीस टक्क्यांच्या आसपास होता. मृत्यू मात्र जीवाणू दिलेल्या गटात 24 झाले आणि न दिलेल्या गटात 9. जीवाणू दिलेल्यांपैकी नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला, दुसऱ्या गटात असा एकही नव्हता. या जीवाणूंच्या प्राण्यांवरच्या सगळ्या प्रयोगांचा पद्धतशीर आढावा 2012 साली प्रसिद्ध झाला, माणसांवरची चाचणी होऊन गेल्यावर. तो आधी झाला असता, तर औषध कोणत्या वेळी दिलं होतं हा प्रश्न टेबलावर आला असता. लेक्सिपॅफँटची गोष्टही याच जातीची आहे. प्राण्यांत आणि सुरुवातीच्या छोट्या मानवी चाचण्यांत आशा दाखवणारं हे औषध 290 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत अवयव निकामी होणं थांबवू शकलं नाही. तो निकाल 2001 सालचा.

तुझे मार्गदर्शक म्हणतील, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, की आधी औषध देऊन केलेला प्रयोग वाया जात नाही, औषध कोणत्या वाटेने काम करतं ते त्यातून कळतं. मान्य. आधी औषध देणं योग्य ठरतं असा एक खराखुरा प्रसंगही आहे. ईआरसीपी, म्हणजे पित्तनळीची दुर्बिणीतून तपासणी, करताना नळी थेट स्वादुपिंडाच्या तोंडाशी जाते आणि काहींना त्यातूनच दाह होतो. इथे इजा कोणत्या मिनिटाला होणार हे डॉक्टरला ठाऊक असतं. जास्त धोका असलेल्या 602 रुग्णांच्या चाचणीत ईआरसीपी आटोपताच, दाह उभा राहण्याआधी, गुदद्वारातून इंडोमेथासिन दिलं, तर दाहाचं प्रमाण 16.9 टक्क्यांवरून 9.2 टक्क्यांवर आलं. हा 2012 चा निकाल आज व्यवहारात रुजला आहे. म्हणून आधी औषध देण्याचा गट ठेवायचा असेल तर जरूर ठेव, पण प्रबंधाच्या शीर्षकात त्याला प्रतिबंध म्हण, उपचार म्हणू नकोस. उपचाराचा दावा करायचा तर आजारानंतरचा गट हवाच.

दुसरी हरकत अधिक बारीक आहे. उंदराचं घड्याळ माणसाच्या घड्याळाबरोबर चालत नाही. सेरुलिन घे. ऑस्ट्रेलियातल्या एका हिरव्या बेडकाच्या कातडीत सापडलेलं हे द्रव्य दर तासाला टोचलं की लहान उंदरात काही तासांत दाह उभा राहतो, साधारण अर्ध्या दिवसात शिगेला पोचतो आणि आठवड्याभरात बहुतेक विरतो. अशा प्राण्याला ‘24 तासांनी’ औषध दिलं तर आपोआप बऱ्या होणाऱ्या आजाराचं श्रेय औषधाला जाईल. त्यात मरणारे प्राणीही नगण्य, म्हणून त्या प्रयोगाला गंभीर स्वादुपिंडदाह म्हणणंच चुकीचं. तू निवडलेलं आर्जिनिन या दृष्टीने बरं आहे. मोठ्या उंदरात पेशींचा नाश तिसऱ्या दिवसाच्या आसपास शिगेला जातो, त्यामुळे आजार सुरू झालाय पण टोक गाठलेलं नाही अशी खिडकी तुला मिळते. ती आधी स्वतः शोध. औषधाविना काही प्राण्यांत ठरावीक तासांनी रक्त आणि पेशी तपास, लायपेज चढलेलं आहे आणि सूज सुरू झाली आहे हा तास नक्की कर, आणि पहिली मात्रा तिथे ठेव. दुसरा गट त्याहून उशिराचा घे.

मोजायचं काय, हेही त्याबरोबर बदलतं. अमायलेज उतरलं म्हणजे रोगी वाचला असं नाही, आणि माणूस अमायलेजने मरत नाही. फुप्फुसात पाणी किती, क्रिएटिनिन किती, किती प्राणी जगले, हे मोज. पोट उघडल्यावर लालसर पाणी आणि चरबीवर खडूच्या शिंतोड्यांसारखे पांढरे ठिपके दिसतात, तिथे चरबीचा साबण झालेला असतो. त्यांची नोंद घे. काचपट्टीवर सूज, पेशीनाश आणि रक्तस्राव यांना गुण देणाऱ्याला कोणता गट कोणता हे कळता कामा नये, आणि प्राणी गटांत चिठ्ठ्या टाकून वाटलेले असावेत. वेदनाशामकाबद्दल एक सांगतो. दाहावर परिणाम होईल म्हणून ते देत नाही, असं पुष्कळ जण लिहितात. पण इर्विनमध्ये येणाऱ्या प्रत्येक रोग्याला वेदनाशामक मिळतं, मग ते न मिळालेला उंदीर त्याची जागा कशी घेईल? ब्युप्रेनॉर्फिन सगळ्या गटांना सारखं दे. मुक्या जनावराची कळ कमी करणं हे तर आपलं कर्तव्यच आहे, आणि संस्थेची प्राणी नीतिसमितीही ते विचारतेच.

तू म्हणशील, उशिरा दिलेलं औषध बहुधा काम करणार नाही, मग प्रबंधात लिहायचं काय? तेच लिहायचं. आधी दिलं तर चालतं, दोन दिवसांनी चालत नाही, हे कळणं म्हणजे पुढच्या कुणाचे उंदीर आणि त्यानंतर कुणाचे रोगी वाचणं. 24 मृत्यूंचा तो आकडा पुन्हा वाच म्हणजे नकारार्थी निकालाची किंमत कळेल.

एक वाट अकोल्यातही आहे. कुत्र्यांना हा आजार नैसर्गिकपणे होतो. ओकाऱ्या, जेवण सोडणं, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरणं. मालक त्याला आणतो तेव्हा आजार आधीच सुरू असतो, म्हणून इथे औषधाची वेळ आपोआप खरी असते. फुझापलाडिब हे औषध 2018 साली जपानमध्ये आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सशर्त परवानगीने अमेरिकेत कुत्र्यांसाठी आलं, तेही आजारी कुत्र्यांवर तपासून. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू न देणं हे त्याचं काम. ‘सशर्त’चा अर्थ असा की परिणामाचा पूर्ण पुरावा अजून द्यायचा आहे, माणसांचा तर प्रश्नच दूर. तरी निरोगी तरुण उंदरावर लादलेल्या आजारापेक्षा हा पुरावा रोग्याच्या जवळचा आहे. इथल्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत जाऊन बोल. निदान पहिली ओकारी आणि पहिली मात्रा यांत किती तास जातात एवढी नोंद मालकांच्या संमतीने ठेवता आली, तरी तुझ्या उंदरांच्या वेळा ठरवायला ती उपयोगी पडेल.

नीतिसमितीकडे परवानगीचा बी फॉर्म अजून दिलेला नसेल तर थांब. प्रत्येक गटाची पहिली मात्रा कोणत्या तासाला, आणि तोच तास का, हे एका कागदावर लिहून मार्गदर्शकांना दाखव, आणि त्याची एक प्रत मला पाठव.

तुझा
मामा