नारू आणि काणी

नारू हा रोग आता भारतात उरलेला नाही. १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळलेला रोगी हा देशातील शेवटचा. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. तरीही सांसर्गिक रोगांचा पाठ शिकविताना आरंभ नारूपासून करावा. ज्या रोगावर लस नाही व औषधही नाही, तो केवळ त्याची वाट अडवून नाहीसा करता येतो, हे विद्यार्थ्यांना येथे स्पष्ट दिसते.

नारूची मादी पांढऱ्या दोऱ्यासारखी असून ती हातभर किंवा त्याहूनही लांब वाढते. शरीरात शिरल्यापासून सुमारे एक वर्ष रोग्याला तिचा पत्ताही नसतो. मग बहुधा पायावर फोड येतो व त्याची असह्य आग होते. रोगी पाय पाण्यात बुडवितो, आणि नेमक्या त्याच क्षणी मादी हजारो सूक्ष्म अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचा, ठिपक्याएवढा जलचर त्या गिळतो, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात पुढच्या वर्षाचा नारू जातो. यात रोग्याला दोष देणे अन्यायाचे आहे; आग शमविण्यासाठी पाण्याकडे धावणे हे स्वाभाविकच होय.

महाराष्ट्रातही हा रोग होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून घागर भरावयाची, म्हणजे पाय पाण्यात पडलाच. उन्हाळ्याच्या अखेरीस, पेरणीच्या तोंडाशी कर्ता माणूस अंथरुणाला खिळे. नारू काडीवर गुंडाळीत रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. तो तुटला की पाय सुजून वेदना वाढत. १९८३-८४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. पायऱ्या बंद करून रहाट बसविले गेले, कूपनलिका खोदल्या गेल्या, पाण्यात सायक्लॉप्सनाशक औषध टाकण्यात आले. सर्वांत स्वस्त उपाय मात्र घराघरांतील होता : दाट विणीच्या कापडाने पाणी गाळून पिणे. सायक्लॉप्स कापडावर अडकला की साखळी तुटली.

ज्वारीच्या दाणे काणीची रीत याहून फारशी निराळी नाही. रोगट कणसात दाण्याच्या जागी काळ्या भुकटीने भरलेल्या पिशव्या असतात. मळणीत त्या फुटतात, आणि भुकटीतील बीजाणू निरोगी दाण्यांना चिकटतात. दाणा दिसावयास स्वच्छ असतो. तो पेरला की बीजाणूही रुजतो, कोवळ्या रोपात शिरतो आणि कणीस बाहेर पडेपर्यंत लपून राहतो. कणीस काळे दिसल्यावर त्या ताटावर कोणताही इलाज चालत नाही. इलाज पेरणीपूर्वीचा : दर किलो बियाण्यास ४ ग्रॅम गंधकाची बारीक भुकटी चोळावी. काणीची कणसे दिसताच ती फुटण्यापूर्वी पिशवीत घालून कापावी व जाळावी.

वाट ओळखल्यावाचून उपाय सुचत नाही, हे गव्हाच्या तांबेऱ्यावरून सांगता येईल. तांबेरा वाऱ्यावरून येतो. तेथे बियाण्याला गंधक चोळून भागत नाही. प्रतिकारक वाणच पेरावे लागते.

पाठाच्या वेळी काणीचे एखादे कणीस मिळाल्यास ते कागदावर झटकावे व त्याच कागदावर चांगले दाणे घोळवून मुलांच्या हाती द्यावे. बोटांना लागलेली काजळी त्यांना पुष्कळ काही सांगेल. हे दाणे नंतर जाळून टाकावेत. गंधक चोळलेले बियाणे शिल्लक राहिल्यास ते दळणात अगर गुरांच्या दाण्यात जाऊ देऊ नये.